‘सिस्टीमनं नाकारलं’ म्हणजे नक्की कोणी नाकारलं?

हा विषय आम्ही रेडिओवर मांडला, तेव्हा बऱ्याच गटांकडून निरोप आले की हे छापून द्या, बैठकीत वाचून दाखवता येईल. म्हणून बोललो होतो तसंच इथे देतो आहोत. विषयाचं नाव ऐकून घाबरू नका. तो आहे ‘चीफ एआय ऑफिसर’, म्हणजे मुख्य एआय अधिकारी. मोठ्या कंपनीतली, मोठ्या पगाराची खुर्ची. आपला काय संबंध, असं वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण आमच्या एका ताईच्या गिरणीपायी आम्ही या खुर्चीपर्यंत पोचलो.

फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या एका गटातली ही ताई. सहा वर्षांपासून गटात आहे. गटाचं अंतर्गत कर्ज तिनं तीनदा घेतलं, तिन्ही वेळा वेळेत फेडलं, एक हप्ता चुकला नाही. गावात मिरची कांडपाची सोय नाही, बायका मिरच्या घेऊन दुसऱ्या गावाला जातात. म्हणून तिनं गिरणी आणि कांडप यंत्र घ्यायचं ठरवलं. ऐंशी हजार रुपये कमी पडत होते. ती कर्जासाठी एका ठिकाणी गेली. ठिकाणाचं नाव आम्ही घेत नाही. तिथल्या साहेबांनी आधार, पॅन घेतलं, संगणकात टाकलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, “ताई, सिस्टीमनं नाकारलं.”

का नाकारलं? “ते सिस्टीमलाच माहीत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यासोबत गेलो. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, पण म्हणाले, माझ्या हातात काहीच नाही. मग वरच्या कार्यालयात फोन लावला. ते म्हणाले, सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे. त्या कंपनीला विचारलं, तर म्हणे आम्ही नुसते गुण देतो, कर्ज द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. नुसती टोलवाटोलवी. नकार एआयनं दिला, की साध्या संगणकानं, की कुणी माणसानं, एवढंसुद्धा कुणी सांगेना.

आता आपल्या गटात काय होतं ते आठवा. एखादीला कर्ज नाकारलं, तर तिला बरोबर ठाऊक असतं की कुणी नाकारलं. बैठक कधी झाली, कोण हजर होतं, काय कारण दिलं, सगळं इतिवृत्तात असतं आणि खाली सह्या असतात. पटलं नाही तर ती पुढच्या बैठकीत भांडते. भांडायला समोर माणूस असतो. ती ताई परत येताना एसटीत आम्हाला म्हणाली, “मी भांडू कुणाशी?” मुख्य एआय अधिकारी हे पद जगात निघालं, ते या प्रश्नासाठी निघालं असं आम्हाला वाटतं. निदान त्यासाठी तरी ते असायला हवं.

आधी एआय म्हणजे काय ते थोडक्यात. साध्या संगणकाला आपण नियम सांगतो, तो नियमानं चालतो. एआयला आपण नियम सांगत नाही. जुन्या हजारो-लाखो नोंदी त्याच्यापुढे टाकतो आणि त्यातून ते स्वतःच अंदाज बांधायला शिकतं. कोण कर्ज फेडेल, कुणाचा चेहरा आहे, कपाशीच्या पानावर कोणता रोग आहे. अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. पण शिकवणी जुन्या नोंदींची. आता जुन्या नोंदीत बाई कुठे असते सांगा बरं? सातबारा नवऱ्याच्या नावावर, वीजबिल सासऱ्याच्या नावावर, कर्जही त्यांच्याच नावावर. मग नोंदींवरून शिकलेल्या मशीनला बाई म्हणजे कोरं पान दिसतं, आणि कोऱ्या पानावर भरवसा ठेवायला ते शिकलेलं नसतं. अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीनं नोकरीचे अर्ज चाळायला असं एक मशीन बनवलं होतं. मागच्या दहा वर्षांतले बहुतेक अर्ज पुरुषांचे, म्हणून ते बायकांच्या अर्जांना कमी गुण द्यायला लागलं. कंपनीनं ते मोडीत काढलं, २०१८ साली ही बातमी बाहेर आली. उद्या आपली लेक वाळूजला किंवा शेंद्र्याला कंपनीत अर्ज करेल, तेव्हा तो अर्ज आधी कोण वाचणार आहे, याचा विचार करून ठेवलेला बरा.

तर हे पद. जगभरच्या मोठ्या बँका, दवाखाने, कारखाने गेल्या काही वर्षांत असा अधिकारी नेमू लागले आहेत. सरकारंही नेमतात. अमेरिकेच्या सरकारनं २८ मार्च २०२४ रोजी आदेश काढला की प्रत्येक मोठ्या खात्यानं ६० दिवसांत आपला मुख्य एआय अधिकारी नेमावा. पुढे तिथं सरकार बदललं, एआयबद्दलचे बरेच नियम बदलले, पण २०२५ च्या नव्या आदेशातही हे पद राहिलं. दुबईनं जून २०२४ मध्ये एकदम २२ अधिकारी नेमले.

या अधिकाऱ्यानं करायचं काय? पहिलं काम आपल्याला चांगलं कळेल, कारण ते साठा रजिस्टरसारखं आहे. आपल्या संस्थेत एआय कुठे कुठे वापरलं जातं, कशासाठी, कुणाकडून विकत घेतलं, याची पूर्ण यादी ठेवायची. हसू नका, पुष्कळ ठिकाणी ही यादीच नसते. एका विभागानं घेतलेलं दुसऱ्याला माहीत नसतं. मग कोणतंही नवं मशीन लोकांवर वापरण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची. ते बायकांच्या बाबतीत जास्त चुकतं का, खेड्यातल्या माणसांच्या बाबतीत चुकतं का, हे तपासायचं. वापर सुरू झाल्यावरही लक्ष ठेवायचं. लोकांची तक्रार यायला वाट ठेवायची, आणि तक्रार आली की माणसानं ती बघायची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मशीन चुकतंय असं दिसलं की ते बंद करायचा अधिकार त्याच्या हातात असला पाहिजे. हा अधिकार नसेल, तर ती खुर्ची नुसती शोभेची. उद्घाटनाला नारळ फोडायला बोलवायचं आणि निर्णयाला बाहेर बसवायचं, असे पाहुणे आपण पाहिलेले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात असं कुठे आहे का, तर आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं नागपूरला ‘मार्व्हल’ नावाची स्वतःची कंपनी काढली. पोलिसांच्या कामात एआय आणायचं, हे तिचं काम. २०२५ साली तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते नागपूर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक हर्ष पोद्दार. म्हणजे संगणकातला माणूस बाहेरून आणून बसवला नाही, ज्याच्या अंगावर वर्दी आहे, ज्याला कोर्टात उत्तर द्यावं लागतं, त्यालाच या कामाचं प्रमुख केलं.

या मार्व्हलचं एक काम तुम्ही ऐकलं असेल. ऑगस्ट २०२५, राखीच्या सुमाराची गोष्ट. नागपूर-जबलपूर महामार्गावर एका दुचाकीला ट्रकनं धडक दिली. मागे बसलेली बायको गेली. नवरा रस्त्यावर हात करत राहिला, कुणी थांबलं नाही. शेवटी त्यानं तिचा देह गाडीला बांधला आणि निघाला. ते चित्र सगळीकडे फिरलं, आमच्या बैठकीत त्या दिवशी कुणाला दुसरं बोलवेना. त्या माणसाला ट्रकचा नंबर आठवत नव्हता, कंपनी आठवत नव्हती, फक्त ट्रकवर लाल खुणा होत्या एवढं आठवत होतं. पोलिसांनी तीन टोलनाक्यांचं कॅमेऱ्यातलं चित्रण घेतलं. एआयनं त्यातून लाल खुणा असलेले ट्रक वेगळे काढले. मग त्या ट्रकांचा एका नाक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा वेग मोजून, धडकेत कोणता असू शकतो ते हुडकलं. छत्तीस तासांत तो ट्रक नागपूरपासून सातशे किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर सापडला. माणसांनी हे चित्रण डोळ्यांनी बघायचं म्हटलं असतं, तर किती दिवस गेले असते कोण जाणे.

म्हणून एआय म्हणजे वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. पण या गोष्टीत एक बारकावा आहे. मशीननं दाखवलं ते बोट. पकडायचं की नाही, खरंच हाच का, हे पोलिसांनी ठरवलं आणि पुढे ते कोर्टाला पटवून द्यावं लागणार. लाल खुणांचा दुसराच ट्रक असता, तर ‘सिस्टीमनं सांगितलं’ हे उत्तर न्यायाधीशांपुढे चाललं नसतं. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की मार्व्हल आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून केलेली ‘महाक्राइमओएस’ ही यंत्रणा राज्यातल्या सगळ्या, म्हणजे अकराशे पोलीस ठाण्यांत नेणार. आपल्या तालुक्याचं ठाणंही त्यात आलं.

इथं आम्हाला एक खटकतं, ते सांगून टाकतो. एआय वाढवायचं आणि एआयवर लगामही ठेवायचा, ही दोन्ही कामं बहुतेक ठिकाणी एकाच अधिकाऱ्याकडे असतात. अमेरिकेच्या आदेशातही तसंच आहे. आपल्याकडे हिशेब लिहिणारी वेगळी आणि तपासणारी वेगळी असते. सचिवावर संशय असतो म्हणून नव्हे. आपलीच चूक आपल्याला दिसत नाही म्हणून. ज्याला वर्षाअखेर ‘किती ठिकाणी एआय आणलं’ हे सांगून शाबासकी मिळवायची आहे, तो ‘इथे आणू नका’ असं किती वेळा म्हणेल? तपासणीस बाहेरचाच हवा, असं आमचं मत आहे.

लगाम नसला की काय होतं, त्यासाठी लांब जायला नको. आपल्या मराठवाड्याला लागूनच तेलंगणा आहे. तिथं २०१४ नंतरच्या काही वर्षांत जवळपास १९ लाख रेशन कार्डं रद्द झाली. घरी कुणी आलं नाही, विचारलं नाही, संगणकानं वेगवेगळ्या नोंदी जुळवल्या आणि अपात्र ठरवलं. दुकानावर गेल्यावर बायकांना कळलं की आपलं नाव गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की या सगळ्या कार्डांची प्रत्यक्ष जाऊन तपासणी करा. एवढी वर्षं ज्या घरात धान्य आलं नाही, तिथं चूल कशी पेटली असेल, ते आपण जाणतो.

आपल्याकडे अंगणवाडीचंच घ्या. घरी नेण्याच्या आहारासाठी १ जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकरवर चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. चेहरा जुळला तर पाकीट. पण चेहरा जुळला नाही तर बोलणी कोण खातं? सेविका ताई. तिनं ते मशीन बनवलं नाही, निवडलं नाही, तिला ते थांबवताही येत नाही. तरी दारात उभी तीच आहे. ज्याच्या हातात अधिकार तो दिसत नाही, आणि जी दिसते तिच्या हातात अधिकार नाही. पडताळणीवर रागावताना सेविकेवर रागावू नका, एवढी विनंती.

कॅनडात एक मजेशीर युक्तिवाद झाला होता. एका माणसाची आजी वारली. त्यानं एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या बोलणाऱ्या मशीनला विचारलं, अशा प्रसंगी तिकिटात सूट मिळते का. मशीन म्हणालं, आधी तिकीट काढा, नंतर अर्ज करा. नंतर कंपनीनं सूट नाकारली. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं, तर कंपनी म्हणते काय, ते मशीन स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तेच जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं ते मानलं नाही आणि कंपनीला पैसे द्यायला लावले. दुकान तुमचं, तर गल्ल्यावर बसवलेला पोरगाही तुमचाच.

आपल्या रिझर्व्ह बँकेनंही यात लक्ष घातलं आहे, आणि ही गोष्ट आपल्या कामाची आहे. बँका आणि वित्त कंपन्यांनी एआय कसं वापरावं, यासाठी तिनं एक समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य. समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. त्यात सात सूत्रं आणि सव्वीस शिफारशी आहेत. दशसूत्री पाळणाऱ्या आपल्या गटांना सूत्रांचं नवल नाही म्हणा. त्यातलं एक सूत्र उत्तरदायित्वाचं. जी संस्था एआय वापरते, तीच त्याच्या निर्णयाला जबाबदार, मशीन कितीही स्वतःहून चालत असलं तरी. शिवाय प्रत्येक बँकेनं आपलं एआयचं धोरण संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यावं, आणि ग्राहक एआयशी व्यवहार करत असेल तर ते त्याला कळवावं, असंही म्हटलं आहे. या शिफारशी आहेत, पण काउंटरवर बोलताना त्यांचा आधार नक्की घेता येतो.

दुसऱ्याला नावं ठेवताना स्वतःचंही सांगायला हवं. आमच्या एका गटानं ज्वारीच्या बिस्किटांचं लेबल मोबाइलवरच्या एआयकडून लिहून घेतलं. भाषा अशी गोड की वाचताच सगळ्या खूश. पाचशे लेबलं छापून आली. प्रदर्शनात मांडणी करताना एका गिऱ्हाइकानं विचारलं, “ताई, याने मधुमेह बरा होतो असं लिहिलंय, ते कशावरून?” आम्ही लेबल उचलून वाचलं, तर खरंच तसं लिहिलेलं. खाण्याच्या पदार्थानं रोग बरा होतो असा दावा करणं कायद्यात बसत नाही, आणि एखादीनं त्या भरवशावर गोळी बंद केली असती तर? कुणी लिहिलं विचारलं, तर उत्तर आलं, “मोबाइलनं.” त्या कर्जवाल्या साहेबांचंच वाक्य आमच्या तोंडी! मागे लागून शोधलं तेव्हा आणखी एक कळलं. कर्जाचा प्रस्ताव लिहून घेताना एकीनं सभासदांची नावं, आधार क्रमांक, सगळं त्या ॲपमध्ये टाकलं होतं.

पाचशे लेबलं चुलीत घातली. मग ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव केला की एआयनं लिहिलेलं, सांगितलेलं काहीही बाहेर जाण्याआधी एका बाईनं वाचून सही करायची. कुणी? सगळ्यांनी त्या मोबाइल चालवणाऱ्या पोरीकडे बघितलं. आम्ही नको म्हटलं. ती लिहून घेणारी, तिनंच तपासायचं कसं? शेवटी निवडलं सातवी शिकलेल्या, पंचावन्न वर्षांच्या एका काकूंना. त्यांना ॲप उघडता येत नाही. पण एखादी गोष्ट पटली नाही तर “थांबा, मला नीट समजावून सांगा” असं म्हणायला त्या कुणाच्या बापाला भीत नाहीत. पहिल्याच महिन्यात त्यांनी दोन कागद अडवले. एकात अनुदानाची रक्कमच चुकीची होती. पोरगी थोडी फुरंगटली, पण कागद दुरुस्त झाला. बायका त्यांना गमतीनं ‘एआय साहेब’ म्हणतात. सभासदांचे आधार आणि खाते क्रमांक कुठल्याही ॲपला द्यायचे नाहीत, हा नियम त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवर लिहिला आहे.

आता ती गिरणीवाली ताई. आम्ही तिचा क्रेडिट अहवाल मागवला. पतमाहिती कंपन्यांकडून हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, हे लक्षात ठेवा. अहवालात दुसऱ्याच गावातल्या, नाव-आडनाव सारखं असलेल्या बाईचं थकलेलं कर्ज हिच्या नावावर चढलं होतं. म्हणजे मशीननं आपल्या परीनं हिशेब बरोबर केला, पण तो दुसऱ्याच बाईचा. दुरुस्तीची लेखी तक्रार केली. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तो अर्जात लिहिला, आणि दुरुस्ती मुदतीच्या आत झाली. ज्यांनी कर्ज नाकारलं त्यांच्याकडेही लेखी विचारणा करता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची चौकशी १४४४८ या क्रमांकावर होते.

आमच्या ग्रामसंघानं आता एक वही घातली आहे. कुणालाही ‘सिस्टीम घेत नाही’, ‘मशीन नाही म्हणतंय’ असं ऐकावं लागलं, की त्यात तारीख, ठिकाण, कशासाठी गेलो होतो आणि उत्तर कुणी दिलं, हे लिहायचं. शेवटच्या रकान्याला नाव दिलंय, ‘जबाबदार कोण’. वहीत आजवर चौदा नोंदी झाल्या. शेवटचा रकाना अकरा ठिकाणी रिकामा आहे.

ताईची गिरणी गटाच्या पैशातून आणि भावाच्या उसनवारीतून सुरू झाली. कर्ज नाकारणाऱ्यांना आम्ही पत्र टाकलं होतं की नकाराचा निर्णय कुणी घेतला, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि पद कळवा. उत्तर आलं, खाली सही नव्हती, नुसतं ‘ग्राहक सेवा विभाग’ असं छापलेलं. ते वहीत चिकटवून आम्ही दुसरं पत्र पोस्टानं पाठवलं आहे. पोचपावती आली.